घडियाळी पोळीतील टिकटिक

बडोद्यास जाऊन आलेला मनुष्य घरी परतल्यावर सहसा लक्ष्मीविलास राजवाड्याविषयी बोलतो, सुरसागराच्या काठी घालविलेल्या संध्याकाळीविषयी बोलतो, आणि त्याला खाण्याची आवड असेल तर तेथल्या सेव-उसळीविषयी थोडे अधिकच बोलतो. आम्ही मात्र परत आलो ते एका लोखंडी नटाची हकीकत घेऊन. ती सांगावी की सांगू नये, याचा मी बराच विचार केला. कारण तीत माझी स्वतःची शोभा फारशी नाही. परंतु अलीकडे आपल्या गावांतून घरोघरी मोटारी आल्या आहेत आणि त्या चालविणारी मुले विशी-पंचविशीतली आहेत. तेव्हा म्हटले, सांगूनच टाकावी.

आमच्या धर्मग्रामात एक निवृत्त परिचारिका आहेत. सारा गाव त्यांना मावशी म्हणतो. १९७१ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्या वसईहून बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात नोकरीस गेल्या आणि तेथे जुन्या शहरात, घडियाळी पोळीत, एका महाराष्ट्रीय कुटुंबाच्या माडीवरील खोलीत भाड्याने राहिल्या. कुटुंब ब्राह्मणाचे, भाडेकरीण ख्रिस्ती, आणि तीही एकटी मुलगी. त्या काळी हे सोपे नव्हते. पण घरमालकीणबाईंनी पहिल्या पावसाळ्यात मावशींना विषमज्वर झाला तेव्हा उशाशी बसून त्यांना पेज भरविली, आणि तेव्हापासून भाड्याचा व्यवहार संपून दुसरेच काही सुरू झाले. त्या बाई आता अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. ‘एकदा भेटून जा’ असा त्यांचा निरोप आला आणि मावशींनी मला गळ घातली. म्हणून २०२४ सालच्या जानेवारीत, पंचवीस तारखेच्या गुरुवारी, आम्ही निघालो: मी, मावशी, त्यांची दोन नातवंडे आणि मोटार चालविण्यास गावचाच एक तरुण. शुक्रवारी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी, शनिवारी परत, आणि रविवारी सकाळच्या मिस्सेला मी वेदीजवळ हजर, असा बेत होता.

मोटार धर्मग्रामाचीच, जुनी, उंच बांध्याची, मागे पाटे असलेली आणि मागील चाकांना शक्ती देणारी. आमच्या सारथ्याला तिचा अभिमान फार. त्याने स्वतःच्या पैशांनी तिच्या चारी चाकांवर रुपेरी टोप्या बसविल्या होत्या.

वसई ते बडोदे हे अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. नद्या मोजीत जाण्यासारखी ही वाट आहे. वैतरणा, दमणगंगा, पार, अंबिका, पूर्णा, मिंढोळा, तापी: मुलांनी एकेक नाव वहीत लिहून घेतले. तापी ओलांडली, किम मागे पडले आणि अंकलेश्वरच्या अलीकडे मागचे डावे चाक बसले. सारथ्याने मोटार कडेला घेतली, जॅक लावला, स्टेपनी काढली. उन्हे उतरत होती, अंगाला घासून मालमोटारी जात होत्या, मुलांना भूक लागली होती. मी बाजूस उभा राहून दोनदा घड्याळ पाहिले आणि तिसऱ्या वेळी म्हणालो, “आटप बाबा, अंधार पडेल.” त्याने आटपले. टोपीही पुन्हा ठोकून बसविली आणि आम्ही निघालो. भरूचजवळ नर्मदा ओलांडली तेव्हा मुलांनी वहीत आठवे नाव लिहिले.

करजणच्या आसपास टोलनाक्यावर मोटार मुंगीच्या पावलांनी सरकत होती. तेव्हा मागच्या आसनावरून मावशी म्हणाल्या, “फादर, मागे काहीतरी वाजतंय.” आम्ही कान दिला. रांगेतल्या इतर मोटारींच्या गलक्यात काही कळेना. नाका सुटला, मोटारीने वेग घेतला, आणि मावशी स्वतःच म्हणाल्या, “थांबला बरं का आवाज.” आवाज थांबला म्हणजे प्रश्नही मिटला, असे आम्ही तिघांनीही धरून चाललो. मुले गाणी म्हणत होती. ताशी ऐंशीच्या वेगाने आम्ही बडोद्यात शिरलो.

शहरात वेग मंदावला आणि आवाज परत आला. टक्... टक्... टक्. एका मित्र-धर्मगुरूंकडे आमचा मुक्काम होता. त्यांच्या दारापर्यंत त्याने आमची सोबत केली. त्याच संध्याकाळी आम्ही जवळच्या एका कारागिराकडे मोटार नेली. त्याने ती एकदा पुढे, एकदा मागे घेतली, मान हलविली आणि ‘बेअरिंग गेले’ असा निर्णय दिला. उद्या सुट्टी, परवा माल येईल, संध्याकाळपर्यंत काम होईल, खर्च अमुक. परवा म्हणजे शनिवार. माझी मिस्सा रविवारी सकाळी साडेसहाची. सारथी म्हणाला, “फादर, जुन्या गाडीला आवाज असायचाच. वेगात तर काहीच येत नाही. अशीच हळूहळू नेऊ घरी.” खरे सांगायचे तर मलाही ते पटले होते.

शुक्रवारी सकाळी आम्ही जुन्या शहरात गेलो. बडोद्याला आपण मराठी माणसे बडोदे म्हणतो, इंग्रज बरोडा म्हणत, आणि १९७४ पासून सरकारदरबारी ते वडोदरा झाले आहे. पण जुन्या तटबंदीच्या आत शिरल्यावर या नावांच्या भेदाला फारसा अर्थ उरत नाही. मध्यभागी मांडवी ही चौकोनी, कमानींची इमारत उभी आहे. तेथून चार दिशांना चार रस्ते फुटतात आणि ते चार दरवाज्यांशी जातात: पश्चिमेस लहरीपुरा, पूर्वेस पाणीगेट, उत्तरेस चांपानेर, दक्षिणेस गेंडीगेट. अठराव्या शतकात पिलाजीराव आणि दमाजीराव गायकवाडांच्या मागून मराठी मंडळी येथे आली. शिपाई आले, कारकून आले, पुजारी आले, पुढे शिक्षक आणि डॉक्टर आले. १९४९ साली संस्थान विलीन झाले, १९६० साली मुंबई राज्याची दोन राज्ये झाली. पण ही घरे येथेच राहिली. ओट्यावर बसलेली म्हातारी नातवाला मराठीत रागावते आणि भाजीवाल्याशी गुजरातीत घासाघीस करते. दोन्ही कामे ती सारख्याच सफाईने करते.

पोळ म्हणजे काय, हे मुलांना सांगावे लागले. आपल्याकडे पोळ म्हणजे देवाला सोडलेला वळू. गुजरातेत पोळ म्हणजे एका तोंडाने आत शिरावे अशी दाट वस्तीची गल्ली. हा शब्द संस्कृतातील प्रतोली, म्हणजे वेस किंवा दरवाजा, यावरून आला असे सांगतात. घरे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी, पुढे ओटे, वर कोरीव लाकडी कठडे. “आपण घडियाळी पोळीत चाललो आहोत,” असे मी म्हणताच धाकटा नातू विचारता झाला, “पोळीत घड्याळ कसं ठेवतात?” सारी मोटार हसली.

घडियाळी पोळ हा सराफांचा आणि कपड्यांचा गजबजलेला भाग. येथील अंबामातेच्या देवळापुढे नवरात्रात पुरुषांचा गरबा होतो. बायकांनी पाहावे आणि पुरुषांनी फेर धरावा, अशी ही उलटी रीत. एरवी येथे मोटार घालणे म्हणजे अविचारच. पण सुट्टीची सकाळ होती, दुकानांच्या फळ्या अजून उघडल्या नव्हत्या, आणि मावशींच्या गुडघ्यांना चालणे झेपणारे नव्हते. उत्तरायण होऊन बाराच दिवस झाले होते. विजेच्या तारांवर फाटके पतंग लोंबत होते, दोऱ्याची गुंतवळ रस्त्याच्या कडेला पडली होती. सारथ्याच्या मनात लगेच नवी शंका आली की मांजाच चाकाच्या दांड्याला गुंडाळला असेल. आम्ही माणसाच्या चालीने आत शिरलो.

आणि तेथे तो आवाज, पूर्वी कधी आला नव्हता इतका स्वच्छ, ऐकू आला.

महामार्गावर आवाज चहूकडे पसरून जातो. पोळीत दोन्ही बाजूंना हाताच्या अंतरावर भिंती. चाकापासून निघालेला आवाज भिंतीवर आपटून थेट खिडकीतून आपल्या कानाशी येतो. कोणतीही मोटार तपासावयाची असल्यास काचा खाली करून लांब भिंतीच्या कडेने हळू चालवावी, हे मला नंतर कळले. त्या वेळी मला फक्त एवढेच जाणवले की घड्याळाचे नाव धारण करणाऱ्या त्या गल्लीत आमची मोटार एखाद्या मोठ्या लंबकाच्या घड्याळाप्रमाणे टिकटिक करीत चालली आहे. टक्... टक्... टक्. दोन ठोक्यांच्या मध्ये एक श्वास घ्यावा इतके अंतर.

ज्या घरी जावयाचे त्याच्या ओट्यावर पासष्टीचे एक गृहस्थ पायरीवर उकिडवे बसले होते. मोटार समोरून पुढे सरकत असता त्यांनी ना मावशींकडे पाहिले ना माझ्याकडे. त्यांचे डोळे चाकांवर खिळले होते. मोटार थांबताच ते उठले आणि म्हणाले, “या, सिस्टर. या, फादर. आई वाट पाहते आहे. पण आधी मला सांगा, मागच्या डाव्या चाकाला केव्हा हात लावला होता?”

हे घरमालकीणबाईंचे थोरले चिरंजीव. मावशी त्यांना भाऊ म्हणतात, म्हणून आम्हीही तसेच म्हणू लागलो. त्यांची सारी नोकरी प्रतापनगरच्या अरुंदमापी रेल्वेत, डब्यांची तपासणी करण्यात गेली. या रेल्वेचा इतिहास मोठा मौजेचा आहे. १८६२ साली, खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, मियागाम आणि डभोई यांच्यामध्ये अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग पडला. भारतातील अरुंदमापी मार्गांत तो पहिला. पण रूळ इतके हलके की इंजिनाचा भार त्यांना सोसेना, म्हणून प्रारंभी त्या रुळांवरून गाड्या बैलांनी ओढल्या. पुढे रूळ बदलले, इंजिने आली, आणि डभोईपासून चहूकडे मार्ग फुटले. अशा रेल्वेत भाऊंनी चाके ऐकण्यात आयुष्य घालविले. मी ‘ऐकण्यात’ असे जाणूनबुजून लिहितो. पूर्वी रेल्वेत लांब दांड्याचा हातोडा घेतलेला एक माणूस प्रत्येक चाकावर टोला मारीत जात असे. चाक निर्दोष असेल तर घंटेसारखा नाद निघे. चीर असेल तर बद्द आवाज येई. आणि गाडी स्थानकात हळूहळू शिरत असता रुळांच्या दोन्ही बाजूंस परीक्षक खाली बसून प्रत्येक डब्याखाली पाहतात, कान देतात. ही रीत तर आजही आहे. त्या सकाळी भाऊंनी नकळत आमच्या मोटारीची तीच परीक्षा केली होती.

मावशी आत गेल्या. दारातून मला एवढेच दिसले की झोपाळ्यावर बसलेल्या एका कृश वृद्धेने दोन्ही हात पुढे केले, आणि मावशी, ज्यांना मी अंत्यविधीतसुद्धा रडताना पाहिलेले नाही, त्या लहान मुलीसारख्या तिच्या मांडीशी बसल्या. मी दार लोटून घेतले आणि भाऊंकडे आलो.

त्यांनी हाती हत्यार असे घेतले नाही. मुलांकडून खडूचा तुकडा मागवून घेतला. प्रथम सारथ्याला इंजिन बंद करावयास सांगितले, गिअर मोकळा ठेवावयास सांगितले आणि शेजारच्या चार-पाच जणांना हाक मारली. सर्वांनी मिळून मोटार ढकलली. टक्... टक्. “इंजिन बंद, तरी बोलतोय. म्हणजे इंजिनाचा नाही, सायलेन्सरच्या थरथरीचाही नाही.” मग ढकलता ढकलता सारथ्याने ब्रेक हलकासा दाबला. आवाजात फरक नाही. “ब्रेकचा असता तर दाबल्यावर बदलला असता, एकतर दबला असता, नाहीतर किंचाळला असता.” मग भाऊंनी मोटार थांबवून मागचा भाग दोन्ही हातांनी खालीवर हलविला. पाटे कुरकुरले, पण टक् नाही. “पाट्यांचे बुश, शॉकअप, यांचा आवाज खड्ड्यात येतो. सपाट दगडी रस्त्यावर असा मोजून मापून येत नाही.”

नंतर त्यांनी डाव्या चाकाच्या टायरवर खडूची उभी रेघ ओढली आणि नातवंडांना मोजावयास बसविले. रेघ एकदा खाली आली की एक फेरा. दहा फेऱ्यांत दहा टक्. “आता पाहा,” भाऊ म्हणाले, “मागच्या चाकांना शक्ती नेणारा मधला लांब दांडा चाकाच्या एका फेऱ्यात चारेक वेळा फिरतो. त्याच्या क्रॉसमध्ये दोष असता तर दहा फेऱ्यांत चाळीसच्या आसपास मोजले असते. दहाला दहा म्हणजे दोष चाकापाशीच.” मुलांना हे गणित इतके आवडले की त्यांनी उजव्या चाकावरही रेघ ओढली. तेथे आवाज नव्हता.

मी कारागिराचा निर्णय सांगितला. बेअरिंगच्या नावाने भाऊंनी नकारार्थी मान हलविली. “बेअरिंग गुणगुणतं, फादर. घूं-घूं असा आवाज, आणि वेग वाढेल तसा तोही वाढतो. वळणावर भार एका अंगाला गेला की त्याचा सूर बदलतो. तुमचा आवाज वेगात वाढतो की थांबतो?”

“थांबतो,” मी म्हणालो, आणि ते शब्द उच्चारताना मला बरे वाटले, कारण कालपासून मी त्याच एका गोष्टीने स्वतःची समजूत घालीत होतो.

भाऊ क्षणभर काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “साधारण कोणत्या वेगाला थांबतो?”

सारथ्याने सांगितले की ताशी दहा-बारा किलोमीटर झाले की एकदम बंद. हळूहळू विरत नाही, एकदम. भाऊ खाली बसले, पाना घेतला आणि रुपेरी टोपीच्या कडेत घालून ती उचकटली. आतून एक नट निसटून दगडी फरशीवर पडला, ठणकन् वाजला आणि घरंगळत गटाराच्या कडेला जाऊन थांबला.

चाकाला पाच नट. त्यांपैकी एक हा. उरलेल्या चारांपैकी दोन भाऊंनी बोटांनी फिरवून दाखविले.

कोणीही काही बोलले नाही. खेळणारी मुलेसुद्धा गप्प झाली. सारथ्याचा चेहरा पांढरा पडला आणि तो पायरीवर बसला. “पाचही मी घातले होते,” तो म्हणाला. खरेच घातले होते. पण शेवटचा त्याने केवळ हाताने चढविला होता, आणि बाकीचे मोटार जॅकवर असतानाच एकापुढे एक असे गोलाकार आवळले होते; जमिनीवर उतरविल्यावर पुन्हा एकदा भार देऊन आवळायचे, त्याच वेळी मी ‘आटप’ म्हणालो होतो. स्टेपनी कित्येक महिने मोटारीखाली चिखल खात होती. चाक आणि हब यांच्यामध्ये तो वाळलेला चिखल राहिला. मोटार धावू लागल्यावर चिखल चुरून गेला, तेवढी फट पडली आणि नट सैल झाले. हे सारे टोपीने झाकून टाकले होते. ती नसती तर डोळ्यांनी दिसले असते.

आता तो आवाज वेगात का थांबत होता, हे भाऊंनी सांगितले ते येथे देतो. आपल्या वसईचा रहाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना ते चटकन समजेल. रहाट हळू फिरतो म्हणून प्रत्येक लोटा माथ्यावर येताच पालथा होऊन पाणी पन्हाळीत ओततो. पण पाण्याने भरलेली बादली हाताने गरगर फिरविली तर ती डोक्यावर उलटी आली तरी पाणी सांडत नाही. ते बुडाशी चिकटून राहते. टोपीतल्या सुट्या नटाचे तसेच झाले. चाक हळू फिरताना तो वर चढे आणि प्रत्येक फेऱ्याला एकदा खाली कोसळे. ताशी दहा-बारा किलोमीटरच्या पुढे चाकाच्या गरगरीने तो टोपीच्या कडेला घट्ट चिकटून बसे आणि मुकाट होई. ताशी ऐंशीला ते चाक सेकंदाला दहा फेरे घेत होते, दोन नटांच्या आणि माझ्या समाधानाच्या आधारावर. वर मुले गाणी म्हणत होती.

सुट्टीच्या दिवशी नट कोठे मिळणार? नट तोच, आटे शाबूत होते. भाऊंनी स्टडचे आटेही नखाने चाचपून पाहिले, चाकाची भोके लांबट झाली नाहीत ना ते पाहिले. ती झाली असती तर चाक बदलण्याखेरीज गत्यंतर नव्हते. मग चाक पुन्हा पूर्ण काढले, हब आणि चाकाची बैठक तारेच्या ब्रशाने घासून स्वच्छ केली, तेल मात्र लावले नाही. नट हाताने चढविले, नंतर एकाआड एक, समोरासमोरचे धरून, आवळले, आणि मोटार जमिनीवर टेकवून पुन्हा आवळले. किती आवळावे, हे मी विचारले. बहुतेक मोटारींना सुमारे १०० न्यूटन-मीटर. नेमका आकडा मोटारीच्या पुस्तकात पाहावा. साध्या भाषेत, एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला दहा किलोचा भार, तेवढा जोर. पान्याची लांबी एक फूट असेल तर त्याच्या तिप्पट. पायाने उड्या मारून आवळू नये, त्याने स्टड ताणला जातो. शेवटी भाऊंनी लहान हातोडीने पाचही नटांवर एकेक हलका टोला दिला. चार एका सुरात वाजले, पाचवा किंचित बद्द. तो त्यांनी आणखी थोडा फिरविला आणि मग तोही वाजला.

हे पाहत मावशी कधी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आमच्यासारखंच की हे!” त्यांनी परिचारिकांच्या शाळेत शिकविले आहे, तेव्हा ऑस्ट्रियातील ग्राझ गावच्या खाणावळवाल्याच्या मुलाची, औएनब्रुगरची गोष्ट त्यांनी तेथेच मुलांना सांगितली. बाप पिंपावर टकटक करून आत पेय किती उरले ते ओळखी; मुलगा डॉक्टर झाल्यावर तसेच रोग्याच्या छातीवर बोटांनी वाजवून पाहू लागला आणि १७६१ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिले. पुढे १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टरने कागदाची गुंडाळी करून ती रोग्याच्या छातीला लावली आणि तिच्यातून हृदय ऐकले. तोच पहिला स्टेथोस्कोप. लेनेक हा श्रद्धाळू कॅथलिक होता, एवढी भर मी घातली. पण मुलांचे लक्ष भाऊंच्या हातोडीकडे होते. भाऊंनी ती त्यांच्या हाती दिली आणि पुढचा अर्धा तास त्या पोळीतील लोखंडाची एकही वस्तू वाजविल्यावाचून राहिली नाही.

जेवण ओट्याच्या आतल्या खोलीत झाले: वरणभात, गुजराती कढी आणि घडीच्या पोळ्या. त्या पाहून धाकटा नातू पुन्हा हसू लागला. सारथी जेवेना. आजीबाईंना सारा प्रकार कोणीतरी सांगितला असावा. त्यांनी त्याला जवळ बोलाविले, नाव विचारले, आई काय करते ते विचारले आणि म्हणाल्या, “माझ्या मुलाला रेल्वेत लागल्यावर पहिल्याच वर्षी कारणे दाखवा नोटीस आली होती. डब्याचा एक खिळा राहिला होता त्याच्याकडून. विचार त्याला.” भाऊ कढी वाढीत होते, ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी मानही हलविली नाही. सारथ्याने पोळी मोडली. मी त्याला म्हणालो की रस्त्यावर घाई मी केली होती. तो म्हणाला, “पाना माझ्या हातात होता, फादर.” या वाक्यावर मला उत्तर सुचले नाही, आणि आजही सुचलेले नाही.

निघताना आजीबाईंनी मावशींच्या हाती एक जुनी पितळी वाटी दिली. १९७१ सालच्या तापातली पेजेची वाटी. त्या दोघी एकमेकींना ‘पुन्हा ये’ किंवा ‘पुन्हा येईन’ असे काही म्हणाल्या नाहीत. मांडवीपर्यंत मावशी बोलल्या नाहीत. रावपुऱ्यात चिमणाबाईंच्या स्मरणार्थ १८९६ साली उभारलेला घड्याळाचा मनोरा लागला, तेव्हा थोरल्या नातवाने काच खाली केली, डोके बाहेर काढले, मागचे चाक ऐकले आणि जाहीर केले की आता घड्याळ फक्त वरच आहे.

शनिवारी पहाटे आम्ही निघालो. भाऊंनी बजावले होते की चाक काढून बसविल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा एकदा तपासावेत. तेव्हा भरूचला, सुमारे सत्तर किलोमीटरवर, मोटार उभी केली. सारथी उतरला. मी मोटारीतच बसून राहिलो आणि घड्याळ काढून खिशात टाकले. त्याने चारी चाकांचे सर्व नट तपासले. डाव्या मागच्या चाकाचे दोन नट पाव पाव फेरा अजून आत गेले. तो परत येईपर्यंत मुलांनी खाऱ्या शेंगदाण्यांची एक पुडी संपविली होती आणि दुसरी फोडली होती.

घरी पोहोचल्यावर त्याने चारी रुपेरी टोप्या काढून ठेवल्या. त्या आमच्या वाड्यातील पडवीत टांगलेल्या आहेत. त्यांपैकी एकीत स्वैपाकीणबाईंनी लसूण वाळत घातला आहे.